दुसऱ्या बाकावरची जागा

व्याहीबुवा, काल सकाळी विहीणबाईंचा फोन आला. रविवारी साडेनऊला तुमच्या चर्चमध्ये तुमच्या आठवणीची उपासना आहे. "दुसऱ्या बाकावर तुमची जागा धरून ठेवते," त्या म्हणाल्या, "येताय ना?" मी म्हणालो, "बघतो." मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझं हे 'बघतो' तुम्ही सहा वर्षं ऐकलंत. तुम्ही त्यावर हसायचात. विहीणबाई हसल्या नाहीत.

आज शनिवार. तुम्हाला माती देऊन अकरा दिवस झाले. सकाळपासून मी तीनदा स्कूटरचं पेट्रोल पाहिलं, दोनदा पांढरा शर्ट कपाटातून काढला आणि परत ठेवला. शेवटी घरचीनं विचारलं, "शर्टाला काय विचारताय? तो कुठंही यायला तयार आहे."

उद्या आमच्या चर्चमध्ये माझी सातची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आहे. ती आठ वाजून पाच मिनिटांनी संपते. फादरांचं प्रवचन लांबलं तर सव्वाआठ. छावणीतून हर्सूलला स्कूटरवर पंचवीस मिनिटं. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, तरी पंचवीसच धरतो. म्हणजे फार तर आठ चाळीसला मी तुमच्या चर्चच्या फाटकात असेन, पन्नास मिनिटं आधी. वेळ जमत नाही असं मला म्हणता येत नाही. हे गणित मी सहा वर्षांपूर्वीही केलं होतं आणि तेव्हाही उत्तर हेच आलं होतं.

म्हणून बसलोय लिहायला. तुम्हाला सांगायची एक गोष्ट राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला त्या बाकावर बसता येणार नाही.

माझी स्टेला तुमच्या प्रशांतला दिली तेव्हा दोन्हीकडच्या पाहुण्यांनी भुवया वर केल्या होत्या. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही. तो म्हणतो, दोघंही ख्रिस्तीच, मग अडचण कसली? त्याला काय सांगायचं, की आम्ही कॅथलिक आणि तुम्ही प्रोटेस्टंट, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी एकमेकांच्या चर्चची पायरी चढू नये म्हणून पोरांना धाक घातला होता. तुम्ही ते सगळं एका वाक्यात गुंडाळून टाकलंत. पहिल्याच बैठकीत, आमच्या ओसरीवर, चहाची बशी हातात धरून म्हणालात, "व्याही, तुमच्या गावात आधी फादरचा घोडा आला, आमच्या गावात साहेबाची बैलगाडी. घोडा थोडा जोरात पळाला असता तर मी बी तुमच्यातच असतो." माझ्या आईला ठसका लागला होता.

लग्न आमच्या चर्चमध्ये झालं. त्यासाठी लागणारी परवानगी, कागद, सगळं मी वेळेत केलं. तुम्ही एका शब्दानं हुज्जत घातली नाहीत. पहिल्या बाकावर बसलात, जरीची टोपी मांडीवर. आणि प्रभूची प्रार्थना आली. 'आम्हाला वाइटापासून सोडव' इथं आम्ही सगळे आमच्या जागी थांबलो, पण तुमचा तो पेटीवर घटवलेला आवाज थांबलाच नाही. राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांचं ते शेवटचं वाक्य तुम्ही एकटे, भरल्या चर्चमध्ये, पूर्ण म्हणालात आणि वर आमेन. फादर हसून थांबले. माझे कान मात्र तापले होते.

जेवणाच्या पंगतीत तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात. "काय व्याही, तुमच्यात गाडी मध्येच थांबती व्हय? आमच्यात थेट डेपोपर्यंत जाती."

मी सांगितलं की ते वाक्य आमच्या मिस्सेतही आहे, पण मध्ये फादरांची एक प्रार्थना असते, मग आम्ही ते म्हणतो.

"किती वेळानं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तीस वर्षं, आधी दुसऱ्या कारखान्यात आणि आता शेंद्र्याच्या एमआयडीसीत, मापं तपासण्याचं काम करतो. केसभर जास्त निघालं तर माल परत. कुणी 'किती' विचारलं आणि आकडा सांगता आला नाही तर मला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी मी मिस्सेत घड्याळाकडं बघितलं, आणि त्यासाठी मनात क्षमाही मागितली. बावीस सेकंद. घरी येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही इतका वेळ हसलात की विहीणबाईंनी फोन काढून घेतला. मागून तुमचा आवाज येत होता, "बावीस सेकंदांसाठी आपले आजे एकमेकांकडं पाणी पीत नव्हते, ऐकलं का गं!"

त्यानंतर तुम्ही आमच्याकडं नऊ वेळा आलात. मी डायरी काढून मोजलंय. नातीचा बाप्तिस्मा, माझ्या आईची माती, धर्मग्रामाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, वार्षिक सण, नाताळ. बाप्तिस्म्याच्या दिवशी ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तेव्हा तुम्ही माझ्याकडं वळून हळूच विचारलंत, "मी येऊ का?" मी मान हलवली, "नाही, आमच्यात चालत नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि परत टेकून बसलात, डोळे मिटून. नंतर मी माफी मागायला आलो तर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "तुमच्या घरचा नियम. पाव्हण्यानं दुसऱ्याची चूल हलवू नये."

इतक्या सहज. मला मात्र ते तसं सहज जमलं नाही.

मी तुमच्या चर्चमध्ये एकदाच आलो. लग्नानंतरचा पहिला हंगामाचा सण. सातची मिस्सा करून आलो होतो. चर्चच्या पायऱ्यांवर ज्वारीची कणसं, भोपळे, एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. तुम्ही पेटीवर होतात. मला गाणी येत होती, त्यातली निम्मी आमच्याकडंही गातात. मी मोकळेपणानं गायलो. मग प्रभूची प्रार्थना आली, आणि मी माझ्या जागी, जपमाळेच्या सवयीनं, मोठ्यानं आमेन म्हणालो. एकटा. सगळी मंडळी पुढं चालली होती. पेटीच्या वरून तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तुमची मिशी हलली. फिटंफाट झाली, असं मला वाटलं. बरंही वाटलं.

तोवर सगळं ठीक होतं. पण तो महिन्याचा पहिला रविवार होता आणि त्या दिवशी प्रभुभोजन होतं, आमच्या ख्रिस्तप्रसादासारखं. मला ते माहीत नव्हतं. आमच्यासारखी रांग तुमच्यात नाही. तबक बाकाबाकावरून हातोहात येतं. भाकरीचे तुकडे, मग लहान लहान पेल्यांत रस. माझ्या डाव्या हाताला तुमच्या सुंदराआत्या बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचा तुकडा घेतला आणि तबक माझ्यापुढं धरलं.

मी ते घेऊ शकत नव्हतो. ते माझ्या मनात पक्कं होतं आणि आजही आहे. ज्या वेदीशी मी पूर्ण एक नाही तिथला प्रसाद घेणं म्हणजे जे नाही ते आहे असं सांगणं. त्यात मला शंका नाही. पण मी ते तबक पुढच्या माणसाकडं सरकवलं तेव्हा माझा हात मला ओळखीचा वाटला नाही. तुम्हाला सांगायला नको. माझ्या आजोबांना वैजापूरच्या हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा, तो कप बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. तुमच्या आजोबांना पाणी वरून ओंजळीत. ज्यांच्या हातचं कुणी घेत नव्हतं त्यांची आपण नातवंडं. आणि मी, त्या घरातला, एका म्हातारीनं प्रेमानं पुढं केलेली भाकरी न घेता सरकवून देत होतो.

सुंदराआत्या कुजबुजल्या, "घ्या ना भाऊ. द्राक्षाचाच रस हाय, दारू नाय."

"मला चालत नाही, आत्या."

त्यांनी चष्म्यातून बघितलं. "साखर हाय व्हय?"

आणि मी, मापाचा माणूस, म्हणालो, "हो. साखर आहे."

उपासना संपेपर्यंत ती बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली होती. बाहेर चहा आला तेव्हा माझा कप वेगळा आला. बिनसाखरेचा. त्या दिवसापासून तुमच्या मंडळीतल्या कुठल्याही कार्यात, बारशाला, साखरपुड्याला, मला तसाच चहा आला. प्रशांतच्या चुलतभावाच्या हळदीत एका बाईनं माझ्या ताटातली बुंदी उचलून नेली. आणि तुमच्या घरी मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं दोन चमचे घालायचात. एकदाही विचारलं नाहीत, व्याही, तिकडं एक आणि इकडं एक, हे काय? मला वाटायचं तुमच्या लक्षात आलं नसेल. मास्तरकी केलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही असं मी कसं धरून चाललो कोण जाणे.

आता खरी गोष्ट. त्या रविवारनंतर मी फादरांकडं गेलो. विचारलं, व्याह्यांच्या चर्चला जावं का? ते म्हणाले, "जा की. तुमची मुलगी त्या घरात आहे. बसा, गा, प्रार्थना करा. प्रभुभोजन तेवढं घेऊ नका, आणि आपली रविवारची मिस्सा चुकवू नका; तिथल्या उपासनेनं ती भरून निघत नाही." मी निघालो तर मागून हाक मारून म्हणाले, "आणि मास्तरांना माझा सलाम सांगा."

तो सलाम मी तुम्हाला सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही उपकारस्तुतीच्या उपासनेला बोलावलंत तेव्हा मी म्हणालो, "फादरांना विचारलं. ते नको म्हणतात."

मग म्हणालात, "मग नाय बाबा. धर्मगुरूचा शब्द मोडू नये."

हे सांगायचं राहिलं होतं, व्याहीबुवा. फादर नको म्हणाले नव्हते. नको मी म्हणालो होतो. नियमाच्या आडून म्हणालो, कारण नियमाला चेहरा नसतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. मला त्या तबकासमोर परत बसायचं नव्हतं. न घेण्याचं मला वाईट वाटत नव्हतं. न घेताना माझा हात जसा दिसला त्याचं वाटत होतं. तुम्ही 'नाही' ऐकून "बरं" म्हणालात आणि टेकून बसलात. मला 'नाही' म्हणून टेकून बसता आलं नाही.

तुम्ही तरी मला बोलवायचं थांबवायला हवं होतं. तेही केलं नाहीत. "कळवायचं काम माझं," म्हणायचात, आणि दर कार्याला कळवायचात. चौदा वेळा. त्यात तुमच्या पासष्टीची उपकारस्तुती होती, चर्चच्या नव्या छपराचं अर्पण होतं, मी ज्या नातीला रोज शाळेत सोडतो तिचं रविवारच्या शाळेतलं पहिलं गाणं होतं. सगळीकडं घरची गेली. तिला मी विचारलं होतं, तू कशी जातेस? ती म्हणाली, "मी कुणाला विचारलं नाही, म्हणून मला कुणी नको म्हणालं नाही." तुमच्या मंडळीला तर हे कोडंच पडलं, बायकोला चालतं आणि नवऱ्याला कसं चालत नाही? तेही तुम्हीच सोडवलंत. "त्यांच्यात गड्यांना हुकूम लई कडक असतो," असं तुम्ही तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनासुद्धा सांगितलंत. माझ्या खोट्याला तुम्ही स्वतः टेकू लावलात.

गेल्या नाताळच्या आधी तुम्ही फोन केलात. दम लागत होता, वाक्य मधे तुटत होतं. "आता तर रविवार बी नाय, मंगळवार हाय. प्रभुभोजन बी नाय. नुसती गाणी. मी पेटीवर बसणार, बहुतेक शेवटचाच." मी म्हणालो, "फादरांना विचारून बघतो." विचारायला गेलोच नाही. स्टेलानं त्या दिवशी फोनवर टिपलेलं तुमचं गाणं माझ्याकडं आहे. चार मिनिटं दहा सेकंद. तिसऱ्या मिनिटाला तुम्ही श्वासासाठी थांबता आणि मंडळी तुमच्यासाठी ओळ धरून ठेवते. त्या ओळीत माझा आवाज असायला हवा होता. मी ते आजवर पूर्ण ऐकलेलं नाही, दर वेळी तिसऱ्या मिनिटाला बंद करतो.

मग दवाखाना. फादर तुम्हाला भेटायला आले ते मी सांगून नव्हे. स्टेलानं त्यांना फोन केला होता. मी शेंद्र्याहून सुटून थेट आलो, तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात.

"तुमचे फादर येऊन गेले," तुम्ही म्हणालात. "लई गोड माणूस. अर्धा तास बसले."

मी संत्रं सोलायला घेतलं होतं. "काय बोलणं झालं?"

"काय नाय. मी म्हणलं, फादर, तुमच्यात हुकूम लई कडक असतो म्हणं."

"मग?"

"मग काय. हसले."

तुम्ही डोळे मिटलेत. मी संत्र्याकडं बघत राहिलो. एक फोड हातात, सालं मांडीवर. बोलावं, आत्ताच बोलून टाकावं, असं जिभेपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "व्याही, संत्रं सोलताय का त्याचं माप काढताय?" मी हसलो. हसण्यात ते निसटलं. तुम्ही त्यानंतर नऊ दिवस होतात. नऊ दिवस मी रोज आलो, आणि रोज संत्रं सोललं.

तुमची माती मंगळवारी. चर्च गच्च भरलं होतं. मी पायरीपाशी पोचलो तर तुमच्या पुतण्यानं, अतिशय आदरानं, माझा हात धरला. "व्याह्यांना आत चालत नाय," त्यानं दुसऱ्या पोराला सांगितलं, "खुर्ची लिंबाखाली टाक. पंखा बी लाव तिकडं." त्यांनी खरोखरच लांब वायर ओढून पंखा लावला. घरची आत विहीणबाईंजवळ बसली होती. मी बाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पंख्याच्या वाऱ्यात. माझ्या खोट्याचा एवढा मान ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

आणि मग आमचे फादर आले. पांढरा झगा, डोक्यावर हेल्मेट. मोटारसायकल लावली, मला बघितलं. "इथं का बसलात?"

"आत गर्दी आहे," मी म्हणालो. हे तिसरं.

त्यांनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा पंख्याकडं. "बरं," म्हणाले, आणि सरळ पायऱ्या चढून आत गेले. तुमच्या पाळकसाहेबांनी पुढं येऊन त्यांना हाताला धरून बसवलं. दुसऱ्या बाकावर. लिंबाखालची आठ-दहा माणसं आधी फादरांच्या पाठीकडं बघत होती, मग माझ्याकडं. तुमचा पुतण्या खाली बघून पंख्याची वायर सारखी करत राहिला.

तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. तीन पायऱ्या. मी मोजल्या, चढलो नाही. खिडकीतून प्रभूची प्रार्थना ऐकली. मी माझ्या जागी थांबलो. आतून तुमचं वाक्य पुढं गेलं आणि त्यात फादरांचा आवाज मला ओळखू आला. ते न थांबता तुमच्या मंडळीबरोबर शेवटपर्यंत गेले.

मातीवरून परत आल्यावर तुमच्या अंगणात शेजाऱ्यांनी चहा केला होता. सुंदराआत्यांनी माझा कप स्वतः आणून दिला. मी सवयीनं घोट घेतला आणि थांबलो. गोड होता. चांगला दोन चमचे.

"आत्या, यात साखर आहे."

"हाय. मास्तरनंच सांगितलं. म्हणला, व्याह्यांची साखर बरी झाली, आता गोड द्यायचा."

"कधी सांगितलं?"

"मी दवाखान्यात गेले तवा. तुमचा फादर येऊन गेला म्हणत व्हता, त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण भाऊ, साखर अशी बरी होती व्हय? माझी तर जात नाय. कोणता डॉक्टर तुमचा?"

मी तो चहा उभ्यानं संपवला. म्हणजे बघा, तुम्हाला कळलं होतं. दोन्ही. साखर नाही हे तर तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि हुकूम नाही हे त्या दिवशी कळलं. तरी माझ्यासमोर एक शब्द काढला नाहीत. मी नऊ दिवस संत्री सोलत बसलो आणि तुम्ही पडल्या पडल्या माझ्या परतीची वाट मोकळी करत होतात, मला न सांगता, एका म्हातारीच्या कानात.

मी रागावलोय तुमच्यावर, हेही लिहून ठेवतो. तुम्ही विचारायला हवं होतं. "व्याही, खोटं का बोललात?" एवढं म्हणाला असतात तर मी रडलो असतो, भांडलो असतो, आपण परत एक झालो असतो. तुम्ही चहा गोड करून निघून गेलात. आता मी कुणाशी भांडू?

भांडण तर आपलं आणखी एक अर्धवट आहे. दोन नोव्हेंबरला, आमच्यातल्या मृतांच्या स्मरणदिनी, मी मेणबत्त्या घेऊन आमच्या कबरस्तानात जातो, त्यावरून तुम्ही दर वर्षी डिवचायचात. "गेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हंजे पेपर जमा झाल्यावर उत्तर लिहिणं. जे केलं ते प्रभूनं करून टाकलंय." मी म्हणायचो, "तपासणारा प्रेमळ असेल तर?" तुम्ही म्हणायचात, "मास्तरापाशी वशिल्याची भाषा करू नका." तुम्ही मला बजावलं होतं, माझ्यामागं माझ्यासाठी मिस्सा ठेवायची नाही. मी 'बघतो' म्हणालो होतो. तर ऐका, अकरा दिवस मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तुमच्या नावाची मिस्सा मात्र सांगितलेली नाही. फादरांकडं गेलो होतो, दारातून परत आलो. तुमचं घर, तुमचा नियम; तुमची चूल मी हलवणार नाही. पण माझ्या चुलीवर मी काय शिजवायचं हे तुम्ही सांगू नका. रोजची ती प्रार्थना मी थांबवणार नाही.

परवा पापनिवेदनाला बसलो. तिन्ही खोटी सांगितली, साखरेचं, हुकुमाचं, गर्दीचं. जाळीपलीकडं फादरच होते. त्यांनी दवाखान्यातल्या बोलण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं होतं जपमाळ सांगतील. ते म्हणाले, "ज्यांच्याशी खोटं बोललात त्यांच्यातल्या जिवंत माणसांना खरं सांगा." एवढंच. एक माळ किती सोपी असते, व्याही.

हे इतकं लिहून झाल्यावर मी उठलो आणि विहीणबाईंना फोन लावला. "येतो उद्या," म्हणालो. "आणि विहीणबाई, फादर मला कधीच नको म्हणाले नव्हते. मीच खोटं बोललो होतो. सहा वर्षं."

पलीकडं कॅलेंडरचं पान फडफडलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या महिन्याचा पहिला रविवार हाय, व्याही. प्रभुभोजन असतंय. ते ठाव हाय ना तुमाला?"

"ठाऊक आहे."

"मग या," त्या म्हणाल्या. "लवकर या. नायतर फादरच परत तुमच्या जागेवर बसायचे."

शर्ट बाहेर काढून खुंटीला लावलाय. पेट्रोल आहे. उद्या तबक येईल. मी ते सुंदराआत्यांच्या हातातून दोन्ही हातांनी घेईन, क्षणभर धरीन, आणि दोन्ही हातांनी पुढच्या माणसाला देईन. आत्या बघतीलच. त्यांना सांगेन की मला साखर कधी नव्हती, आमचा नियम वेगळा आहे, आणि तुमच्या हातचं मला नको असं त्यात काही नाही. त्या चिडतील. डॉक्टरचा पत्ता नाहीच म्हणून जास्त चिडतील. मग मी टेकून बसेन, तुम्ही आमच्याकडं बसायचात तसा. जमेल की नाही ठाऊक नाही.

पण त्याच्या आधी प्रभूची प्रार्थना येईल. आम्ही थांबतो ती जागा येईल, आणि पेटीवर तुम्ही नसाल. ते वाक्य आमचंही आहे, तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही फक्त बावीस सेकंद उशिरा पोचतो. उद्या मी मध्ये उतरणार नाही. डेपोपर्यंत येतो.